मशीनसाठी पेटीभर बर्फ

समुद्रावर तरंगणाऱ्या होडीत पिंपभर गोडं पाणी भरून न्यायचं, तेही प्यायला नाही, तर मशीन गार ठेवायला, ही कल्पना माझ्या वडिलांची. त्या पाण्यात बर्फ टाकायची कल्पना मात्र माझी. आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे कबूल करणं जिवावर येतं. पण आई अजून अख्ख्या बुरोंडी गावाला ते सांगत फिरते, तेव्हा लपवून उपयोग नाही.

बाबांची होडी लहान आहे. मागच्या फळीला आउटबोर्ड इंजिन अडकवलेलं असतं, त्याला घरात सगळे मशीनच म्हणतात. माझ्या दहावीच्या वर्षी ती घरात आली तेव्हाच सेकंडहँड होती. ही मशीन खालून समुद्राचं पाणी ओढते, आपल्या पोटातून फिरवते आणि बाजूच्या भोकातून बाहेर टाकते. ती धार पडत असली की मशीन गार आहे असं समजायचं. गेल्या हंगामात धार बारीक होत होत थांबली. मशीन तापून भर समुद्रात बंद पडली आणि दुसऱ्या होडीने दोरी लावून बाबांना ओढत आणलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या रात्री बाबा न जेवता झोपले.

माझा भाऊ मुंबईला नोकरीला असतो. त्याने तिथे बसून निकाल दिला. आणखी एकदा जरी कुणी ओढून आणलं, तर होडी विकायची, आणि बाबांनी घरी बसायचं. गिऱ्हाईकही त्याने शोधून ठेवलं होतं. एका रिसॉर्टवाल्याला फाटकाशी जुनी होडी ठेवायची होती, आत माती भरून झेंडू लावायला. पर्यटक तिच्यापाशी फोटो काढणार होते.

"माझ्या होडीत झेंडू?" बाबा एवढंच म्हणाले, आणि मशीन हातगाडीवर घालून अंगणात घेऊन आले.

दापोलीच्या मेकॅनिकने मशीन उघडून पाहिली. आतल्या पाण्याच्या वाटा मिठाने आणि रेतीने बुजल्या होत्या. त्याने त्या जमेल तेवढ्या मोकळ्या करून दिल्या, पण महिन्याभरात पुन्हा भरतील असंही बजावलं. बाबांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला फोन करून निदान सांगितलं.

"मशीनचा दोष नाय, बाय. दोष समुद्राचा हाय. समुद्राचं पानीच घ्यायचं नाय."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी सावर्ड्याहून एसटी बदलत बदलत घरी पोचले, तोवर अंगणात कारखाना उभा राहिला होता. समुद्राचं पाणी आत घेणारी भोकं बाबांनी चक्क बुजवून टाकली होती. आईच्या न्हाणीघरातलं निळं पिंप बाहेर आलं होतं. आंब्यावर औषध फवारायच्या बॅटरीवरच्या पंपाने त्या पिंपातलं पाणी मशीनमध्ये जायचं आणि दुसऱ्या नळीने परत पिंपात पडायचं. सगळ्या जोडांना सायकलची ट्यूब आवळून बांधली होती. बाबांनी दोरी खेचली, मशीन धडधडली, पिंपात पाणी पडू लागलं आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिट्टीच वाजवायला हवी होती.

मी पाण्यात बोट घालून उभी राहिले. पंधरा मिनिटांत बोट बाहेर काढावं लागलं.

"बाबा, तेच पाणी फिरतंय. त्यातली उष्णता जाणार कुठे?"

"जाईल की."

"अहो, पण कुठे जाईल?"

"हवेत."

मी उष्णतेच्या संक्रमणावर अर्धा तास बोलले. बाबांनी वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांसारखा चेहरा करून ऐकून घेतलं. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी ओरडले, "मग बर्फ टाका त्यात!"

बाबांचा चेहरा उजळला. "हां. हे बोललीस शिकल्यासारखं."

भावाला पुरावा हवा होता, म्हणून रविवारी सकाळी साक्षीदार म्हणून मला होडीत बसवलं. मासळीसाठी नेतात तो पेटीभर बर्फ बाबांनी मोजून सगळा पिंपात ओतला. मासळीचं काय, असं मी विचारलं. "मासळी थंडच असते, पान्यातून येते ती," असं उत्तर मिळालं. पिंपाने होडीचा मधला भाग व्यापला होता, त्यामुळे मी जाळ्यावर बसले. आई वाळूत उभी होती. तिने हात हलवला नाही.

जाताना मशीन अशी चालली की बाबा गुणगुणायला लागले. दोन तासांनी जाळं ओढलं, बरे बांगडे मिळाले, आणि परत फिरलो तेव्हा बर्फाचा खडाही उरला नव्हता. निम्म्या वाटेवर पिंपातून वाफ यायला लागली. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत गार पाणी, आणि आम्ही दोघं मधोमध एका पिंपात पाणी तापवत बसलो होतो. मला हसू यायला लागलं, ते थांबेना.

"हसतेस काय? गरम पानी उपस नि गार भर!"

"गार पाणी कुठलं?"

बाबांनी हनुवटीने समुद्र दाखवला.

मग मी उपसायला लागले. एक बादली कढत पाणी बाहेर, एक बादली समुद्र आत. ज्या समुद्राला बाबांनी मशीनपासून तोडलं होतं, तो आता माझ्या हातांनी पुन्हा मशीनमध्ये जात होता. तेवढ्यात शेजारून एक मोठी होडी गेली. "दोरी टाकू काय?" तिच्यावरून कुणीतरी विचारलं. "नको!" बाबा ओरडले, "बाय जरा आंघोळ करतेय!" तो माणूस किती तरी वेळ वळून पाहत राहिला.

वीस-पंचवीस बादल्यांनंतर माझे खांदे भरून आले. मी सुकाणू धरते, दोन मिनिटं तुम्ही भरा, असं म्हटलं. बाबांनी बादली घेतली, होडीच्या काठावरून वाकले, ती बुडवली आणि तसेच वाकून राहिले. मग बादली मागे मागे तरंगत जाताना दिसली.

"सोडलीत?" माझा पारा चढला. "एक काम सांगितलं तुम्हाला! इतके कसे वेंधळे हो तुम्ही?"

"सुटली," ते म्हणाले आणि मशीनजवळ जाऊन बसले. उरलेली वाट मी होडीतलं पाणी उपसायच्या डब्याने पिंप भरत राहिले, आणि तोंडाने त्यांना बोलत राहिले.

पण आलो. आपल्या मशीनवर, कुणाचीही दोरी न लावता, थेट वाळूत आलो. टाळ्या वाजवणारे आज जाळ्यात मान घालून बसले होते. आईने बांगड्यांचे डोळे पाहिले, एकाचं पोट दाबलं आणि कपाळाला हात लावला. "मशीनला बरफ घातलान नि मासळी उन्हात वाळवलीन! हे विकू काय नि कुनाला?"

मी भावाला फोन लावला, स्पीकरवर. त्याने दोन-दोनदा विचारलं. ओढून आणलं का? नाही. कुणाची मदत? नाही. मग तो म्हणाला, "बरं तर. ठरलं होतं तसं. होडी राहू दे." मला इतका आनंद झाला की मी बाबांचा ओला खांदाच धरला.

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"त्या रिसॉर्टवाल्याला सांग, घेऊन जा."

फोनवर भाऊ हॅलो हॅलो करत राहिला. आई बांगडे टोपलीत भरायची थांबली. मी ओरडलेच, "अहो, पण मशीन चालली ना! जिंकलात ना तुम्ही!"

"मशीन चालली," बाबा म्हणाले. ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. "बादली सुटली नव्हती गो. भरलेली उचलवेना मला. एकटा असतो तर तिच्याबरोबर मीच गेलो असतो."

आईने टोपली खाली ठेवली. मी त्यांना समुद्रात वेंधळे म्हणाले होते, ते मला तिथे वाळूत उभं राहून परत घेता येईना. मी फोन बंद केला, आणि आम्ही तिघांनी मिळून पिंप खाली उतरवलं.