न भरता निघालेली जीप

जामनगरला मी वेल्डरच्या हाताखाली काम करतो. सातवीनंतर शाळा सुटली आणि तेव्हापासून एका जागी टिकलो नाही. आधी वापी, मग सुरत, आता इथे. द्वारकेबद्दल माझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर लिहिलं तेव्हा कुणीतरी खाली विचारलं होतं, "भाऊ, स्वतःच्या गावाकडचं कधी लिहिणार?" पौषात आमच्याकडे, मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरते. ठेकेदाराकडे सुट्टी मागितली, त्याने तोंड वाकडं केलं, मी पिशवी भरली.

आमचा पाडा डोळखांबच्या वर, डोंगराला टेकून आहे. यायचं असेल तर आसनगाव स्टेशनला उतरा, रिक्षाने शहापूर गाठा, तिथून डोळखांबची एसटी धरा. शहापूर स्टँडबाहेर गरम भजी खाऊन घ्या, कारण पुढे पोटाला काही मिळत नाही. डोळखांब सोडलं की साग लागतो. हिवाळ्यात त्याची मोठाली पानं रस्त्यावर पडलेली असतात, त्यांच्यावरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

घरी पोचलो तर सुली, माझी धाकटी बहीण, धड बोलेना. ती मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली होती, अजून नवीनच. साडेआठला गेट बंद. सुपरवायझरने बजावलं होतं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर येऊ नका. दोनदा झाला होता. काम गेलं असतं तर होळीपर्यंत घरच्यांबरोबर वीटभट्टी, दुसरं काय?

पाड्यावरची एसटी नऊची, ती तिच्या कामाची नाही. राहिली काशिनाथची जीप. काशिनाथ डोळखांबचा. त्याने नवीन पद्धत काढली होती: आदल्या संध्याकाळी मिस कॉल द्या, सकाळी सातला जीप पाड्यावर हजर. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. सुली रोज तिथे चढून मिस कॉल द्यायची. बाकी कुणी द्यायचं नाही.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "बोलावून येणारी गाडी लग्नाची, नायतर दवाखान्याची. रोज कोण बोलावतं रे? आणि जो बोलावंल त्याच्याच गळ्यात रिकाम्या सीटा मारतील."

"तसं नाही बाबा, ज्याने त्याने आपलंच भाडं द्यायचं."

"तू जामनगरचा शहाणा."

मला वाटलं, पैशाचीच भीती आहे. खरी गंमत सकाळी कळली.

सातला जीप आली. सुली आणि मी मागे जाऊन बसलो. जत्रेचा दिवस, सात-आठ माणसं मुरबाडला जाणारी होती, त्यात बाबाही. पण सगळे शेकोटीपाशी. चहा पितायत, हात शेकतायत, जीपकडे बघतायत. आत कुणी येईना. आमच्याकडे पहिला बसतो तो अडकतो, कारण जीप भरल्याशिवाय हलत नाही हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत. म्हणून प्रत्येक जण शेवटचा बसायला टपलेला. सुलीचे दोन्ही उशीर असेच झाले होते.

"काशिनाथभाऊ, चला," सुली म्हणाली.

"जरा थांब गो. दोघांवर डिझेल जाळू काय?"

"मिस कॉल द्यायला सांगताना काय बोललात? एक माणूस असला तरी सातला निघीन."

काशिनाथने इंजिन चालू केलं, जीप चार हात पुढे नेली आणि थांबवली. शेकोटीपाशी हशा पिकला. निघाल्याचं भासवून माणसं आत ओढायची, हा ड्रायव्हर लोकांचा जुना डाव.

"काश्या, पेट्रोल पंप लावलाय काय घरी?" कुणीतरी ओरडलं.

"थांबंल रे तो," बाबांचा आवाज. "आमाला टाकून जातो कुठं?"

सुली हाताचं घड्याळ बघत होती. काशिनाथने आरशात तिच्याकडे पाहिलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली आणि जीप सोडली. या वेळी खरीच.

वळणावर मागून आरडाओरडा आला. बाबा धावत होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी. "ए काश्या! ए सुले!"

काशिनाथचा पाय आपोआप सैल झाला. "बाप हाय गो तुझा."

"थांबा," मी म्हणालो.

"नाय थांबायचं," सुली म्हणाली. मागे वळून तिने पाहिलंसुद्धा नाही. "एकासाठी थांबलात की सगळे चहा संपवून येतील. चला तुमी."

काशिनाथने गिअर टाकला. मी मागच्या उघड्या बाजूने बघत राहिलो. बाबा लहान होत गेले.

पुढे किन्हवली लागली. तिथे तीन माणसं हात दाखवून चढली, काशिनाथचा चेहरा जरा खुलला. पण सरळगावच्या अलीकडे रस्ताच बंद. जत्रेला निघालेले बैल, पन्नास तरी असतील, शिंगांना गेरू, गळ्यात घुंगरं. काशिनाथ हॉर्न दाबतोय, बैल ढिम्म. सुलीने घड्याळ पाहिलं आणि उडी मारली. कारखान्याचा निळा ड्रेस, खांद्यावर पर्स, हातात रस्त्याकडेची काठी. "हुर्रर्र, बाजूला! हो बाजूला!" बैलवाला चिडला, "ए पोरी, बुजतील ना!" ती म्हणाली, "मामा, गेट बंद झालं तर मीच बुजंन." तो हसला आणि त्यानेही बैल कडेला घेतले. जीप तिच्या मागून पावलापावलाने सरकली.

कारखान्यावर पोचलो तेव्हा मोठं फाटक लोटलं होतं. वॉचमन बाजूच्या छोट्या दाराला कडी घालत होता. सुली पळाली. त्याने घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, दार तेवढं धरून ठेवलं. ती आत गेली.

म्हशाला मुरबाडहून जत्रेच्या जादा गाड्या असतात. घोंगड्या, भांडी, मिठाईची दुकानं, आणि बैलांचा बाजार तर नजर पोचेल तिथवर. खाज्याचा पुडा जरूर घ्या. मी दुपारी बाबांना बैलांच्या बाजारात गाठलं. ते नऊच्या एसटीने आले होते. एका बैलाचे दात बघत म्हणाले, "पोचली काय?"

"पोचली."

"हं." पुढच्या बैलाकडे गेले.

घरी सुलीशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जीप आली तेव्हा चार जण आधीच रस्त्यावर उभे होते आणि दार उघडताच आत बसले. बाबा शेकोटीपाशीच. त्यांना कुठे जायचं नव्हतं, तरी उभे होते.

परत जामनगरला येऊन काही आठवडे झाले. खाजं त्याच आठवड्यात संपलं. बाबा रस्त्यात लहान होत गेले ते मात्र मनातून जात नाही. सुलीच्या जागी मी असतो तर जीप थांबवली असती, आणि आज सुली भट्टीवर असती. काल टाकीजवळून तिचा फोन आला. काम पक्कं झालं. आता मिस कॉल तीन-चार घरांतून जातात.

"आणि बाबा?"

"जीपमध्ये बसतात की, बाजाराच्या दिवशी. माझ्याशी अजून नीट बोलत नाय. पण कोणी शेकोटीपाशी रेंगाळला ना दादा, तर तेच आतून ओरडतात, 'बसा रे गुमान! ही माझी पोरगी बापाला थांबली नाय, तुमाला काय थांबते!'"