रायाजीबाबांचं खोगीर

पंगत उठते, जिलबी अंगावर येते आणि यशोधन मंगल कार्यालयाच्या स्टेजमागे रचलेल्या गाद्यांवर ‘नुसते डोळे मिटतो’. कुरणे कुलसंमेलनाचं दुपारचं सत्र आता सुरू होईल, आणि ते त्यानं बनवलेल्या फिल्मनंच सुरू होईल. लॅपटॉप पोटावर आहे. स्क्रीनवर मूळ पुरुष रायाजीबाबांचा पांढरा घोडा पुढचे पाय हवेत उचलून थांबलाय. घोडा इंटरनेटवरून विकत घेतलेला, बहुधा परदेशी. पण अध्यक्ष अप्पाकाकांनी सकाळीच बजावलंय, “आधी तुतारी, मग घोडा, मग धूळ, मग नाव. घोडा नसंल तर फिल्म न्हाई.”

बाहेर वाढपी रिकामी पातेली ओढताहेत. तो आवाज हळूहळू टापांचा होतो. घोड्याच्या मानानं टापा फारच बारीक आहेत.

“सरक जरा,” शालनआत्या म्हणते.

शालनआत्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि गेल्या पावसाळ्यात वारली. दुसऱ्या गोष्टीचा तिच्या आवाजावर काहीही परिणाम झालेला नाही. ती गादीवर टेकते, पर्समधून शिंप्याचा टेप काढते आणि स्क्रीनवरच्या घोड्याची पाठ मोजायला लागते.

“आत्या, तू गेलीस ना?”

“गेले की. तुमच्या कुलवृत्तांतातून तर त्याच्याही आधी गेले.”

ते खरंच आहे. दसऱ्याला लोक शस्त्रं पुजतात. कुरणे रायाजीबाबांच्या लढाईतल्या घोड्याचं खोगीर पुजतात, जरीच्या कापडात गुंडाळलेलं. पिढ्यान् पिढ्या कापड कुणी सोडलं नव्हतं. आत्यानं ते भर पूजेत सोडलं आणि टेप लावला. माप गाढवाचं निघालं. शिवणीत खडेमीठ निघालं. रायाजीबाबा गाढवांवर मीठ लादून कोकणातून घाट चढायचे, असा लेख तिनं कुलवृत्तांतासाठी लिहिला. समितीनं लेख गाळला, आणि हात फिरताच होता म्हणून वंशावळीतून आत्यालाही गाळलं.

गादी आता घाटातला दगड झालीय. धुक्यातून गाढवांची रांग येते आणि पुढे एक बुटका माणूस पागोट्यानं घाम पुसत चालतो. त्याच्या छातीवर संमेलनाचा बिल्ला आहे : मूळ पुरुष.

“हे आपलं मूळ?” यशोधन हळूच विचारतो.

“कसलं मूळ! त्यालाही बाप होताच की,” आत्या म्हणते. “मुळाच्या मागे लागू नये, यशू. मूळ सापडत नाही, फक्त आणखी एक बाप सापडतो. आपण वेगळंच विचारायचं. गोष्टीत घोडा शिरला कधी? कुणी आणला? आणि त्याला अजून चारा कोण घालतंय?”

रायाजीबाबा स्क्रीनमध्ये डोकावतात. “हे जनावर माझं न्हाई. किती वझं घेतं?”

“काही घेत नाही बाबा, नुसतं दोन पायांवर उभं राहतं.”

“मग इका त्याला,” म्हणून बाबा पुढे निघतात.

घाट वळतो आणि वळणापलीकडे फोटो स्टुडिओ आहे. अप्पाकाकांचे आजोबा छाती काढून उभे आहेत. त्यांच्या मागे रंगवलेल्या पडद्यावर पांढरा घोडा.

“दुसरा पडदा न्हाई का?” आजोबा विचारतात.

“ताजमहालाचा आहे,” फोटोग्राफर काळ्या कापडातून सांगतो, “पण फाटलाय.”

“बघ,” आत्या म्हणते. “तो पडदा धड असता तर आज आपण सगळे मुघल असतो. फोटो बाहेर स्टेजवर हार घालून ठेवलाय. नीट बघशील तर घोड्याच्या पोटावर घडी पडलीय.”

यशोधन घोडा सोडत नाही. “आत्या, पडद्यावर पहिलं जे दिसतं, त्यावरून माणूस ठरवतो कसं बसायचं. तुतारी वाजली की ताठ बसतो. मग पुढे अप्पाकाकांची पिठाची गिरणीसुद्धा गड घेतल्यासारखी दिसते. गाढवापासून सुरुवात केली तर हसतील.”

“हसू देत. हसणारा जागा तरी असतो. ताठ बसलेला पहिल्या भाषणाला घोरतो.”

“घराण्याची लाज काढली म्हणतील.”

“त्या माणसाला लाज वाटत होती का? ओझं घेऊन नीट चढत होता. लाज तुम्ही नंतर विकत घेतलीत, घोड्याबरोबर.”

“काका फिल्म बंद पाडतील.”

“मग जे दाखवायचं ते आधीच दाखव,” आत्या म्हणते. ती त्याच्या हातात काहीतरी ठेवते आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटते. “जाते. माझं पान मांडलेलं नाही इथे.”

“ए यशोधन! ऊठ की!” वर अप्पाकाकांचा फेटा आहे. “मानसं बसल्यात समदी. घोडा तयार हाय न्हवं?”

यशोधन मूठ उघडतो. पंगतीत वाढलं होतं ते बारीक, पांढरं मीठ. हे खडेमीठ आहे, जुनं, पिवळट, आणि एका खड्याला राठ करडा केस चिकटलाय. तो स्टेजवर डोकावतो. हाराच्या झेंडूखाली, फोटोतल्या पांढऱ्या घोड्याच्या पोटावर आडवी घडी आहे.

“तयार आहे,” तो म्हणतो आणि मिठाचा एक खडा जिभेवर ठेवतो.

मग तो घोडा पुसून टाकतो. आत्यानं कापड सोडलं त्या दसऱ्याला त्यानंच मोबाइलवर काढलेली, ‘वगळलेलं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकलेली क्लिप उचलून सगळ्यात पुढे आणतो.

दिवे मालवले जातात. तुतारी वाजत नाही. आधी टेप सरसरतो, मग खोगिरावर आत्याचे हात दिसतात, मग तिचा चेहरा, भिंतीएवढा. “हं,” ती अख्ख्या कुळाला म्हणते, “मोजा.”

मागच्या रांगेत, माहेरवाशिणींमध्ये, कुणीतरी फिस्सकन हसतं. मग दुसरी. खुर्च्या करकरतात, माणसं पुढे वाकून बसताहेत.

“घोडा कुठाय?” अंधारात अप्पाकाका त्याचा दंड धरतात. “आरं, घोडा कुठाय?”

यशोधनच्या तोंडात मिठाचा खडा आहे, त्यामुळे त्याला बोलता येत नाही. तो फक्त फिल्मचा आवाज वाढवतो.