कॅप्टन त्साओ खिडकीशी बसतात

उड्डाणकाळाची व्याख्या ज्यांनी केली त्यांना आकाशात फारसा रस नसावा. उडायच्या इराद्याने विमान जागचं हललं की हा काळ सुरू होतो आणि शेवटी ते थांबलं की संपतो. कामाचा काळ त्याहून ऐसपैस. हजेरी दिल्यापासून मोकळं करेपर्यंतचं वाट पाहणं, जांभया, धुकं, सगळं त्याच्या पोटात. त्याला मर्यादा असते. ती संपली की वैमानिक कितीही टवटवीत असो, कायद्याच्या लेखी तो पेंगतच असतो.

हे आम्हा सगळ्यांना कॅप्टन त्साओंनी शिकवलं. ते मूळचे मात्सू बेटांतल्या पेइकानचे. तैपेईहून तिकडे जाणारं आमचं पंख्यांचं छोटं विमान त्यांनी अर्धं आयुष्य चालवलं. मी त्यातली हवाईसेविका. त्यांची थोरली बहीण अजून बेटावरच असते. विमान येताना धावपट्टीशेजारच्या टेकडीवर उभी राहून ती लाल टॉवेल हलवते आणि मग फोन करते, "धाकट्या, दिसले का रे मी?"

"दिसलीस की, ताई."

दिसली कधीच नव्हती. उतरताना वैमानिकाने टेकडीकडे बघितलं, तर टेकडीच त्याला भेटायला येते.

ही गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पासष्टीचे होणार होते, म्हणजे कायद्याने जमिनीवरचे. शेवटचं विमान आपल्या बेटावर आपल्या हाताने उतरवायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. बहिणीने धाडलेले तीळ लावलेले, मधे भोक असलेले पाव वाटायला ते त्या दिवशी फार लवकर आले. दारातच यंत्र. सवयीने अंगठा टेकवला, नळीत फुंकर मारली, दारू न प्यायल्याची खात्री झाली, हजेरी लागली.

"अहो कॅप्टन, पाव वाटायला आलात ना? मग अंगठा कशाला दिलात?" मी म्हटलं. "तुमचा दिवस आतापासूनच मोजला जाणार!"

ते अंगठ्याकडे बघत राहिले. "हा माझ्या आधीच कामावर आला."

"हजेरी मागे घेता येईल की."

"तुला घेऊ दिली असती का मी?"

प्रवासी बसले, विमान हललं, धावपट्टीच्या टोकाशी पोचलं, आणि पेइकान धुक्यात गेल्याची खबर आली. आम्ही वळून परत जागेवर. नियमाने हे उड्डाणच. त्यांच्या कारकिर्दीतलं शेवटचं, तैपेई ते तैपेई, चाकं न उचलता.

मग नुसतं बसणं. बहिणीचा फोन आला. "ढग घरात शिरलाय, धाकट्या. कोंबड्या बघायला बाहेर पडले तर अंगणच सापडेना." फोन कानाला लावून ते डोळे मिटून ऐकत होते. इकडे तैपेईत लख्ख ऊन होतं, तरी आम्हीही त्या ढगातच बसलोय असं वाटत होतं. पाव हळूहळू संपले. कुणी मोठ्याने बोलेना.

धुकं विरलं तेव्हा पेइकानला पोचेपर्यंत आमचा दिवस पुरणार होता, त्यांचा नव्हता. बदली म्हणून को शू-फेन आली, त्यांचीच विद्यार्थिनी.

"सर, माझा दिवस अजून कोवळा आहे."

"आणि माझा सडला. चालव तू. टेकडीकडे बघू नकोस."

"बघितलं तर तुम्ही मागून ओरडालच."

कंपनीच्या हुकमाने प्रवासी होऊन गेलं तरी ते कामच ठरतं. म्हणून त्यांनी टोपी काढली, स्वतःला मोकळं करून घेतलं आणि स्वतःच्या पैशांनी खिडकीशेजारचं तिकीट काढलं.

मी पाणी दिलं. "हा कुठला काळ, कॅप्टन?"

"व्याख्या सापडत नाही," म्हणाले आणि खिडकीला कपाळ टेकलं.

खाली समुद्र दुधावरच्या सायीसारखा निश्चल. धुक्याची उरलीसुरली लक्तरं बेटांना अडकलेली. विमान वळलं आणि टेकडी अगदी शेजारून तरंगत गेली. वर एक ठेंगणी बाई जिवाच्या आकांताने टॉवेल हलवत होती, विमानाच्या नाकाकडे बघत, को शू-फेनला. कॅप्टननी खिडकीवर पंजा टेकवला. विमान थांबलं तरी तो तिथेच होता.

बहीण धापा टाकत विमानतळाच्या दाराशी आली. "आज काय अलगद उतरवलंस रे! दिसले का मी?"

"दिसलीस. ताई, टॉवेल फाटलाय गं तुझा."

त्यांच्या उघड्या डोक्याकडे, मग मागून टोपी घालून येणाऱ्या को शू-फेनकडे तिने बघितलं.

"मेल्या, तो कधीचाच फाटलाय," ती म्हणाली. "चल, शेवया गार होतायत. तिलाही आण."