म्हैसुरातला हीटर

म्हैसुरात राहून मोटारीच्या हीटरवर जीव टाकणारा माणूस साऱ्या कर्नाटकात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. म्हैसूरची थंडी ती काय! पहाटे कानाला मफलर गुंडाळायचा आणि नऊ वाजता उकडतं म्हणून सोडायचा. मी कोल्हापूरहून म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीच्या कारखान्यात नोकरीला आलो आणि तिथल्याच एका जुन्या मराठी घराचा जावई झालो. या मंडळींचे पूर्वज राजाच्या फौजेतले. घरात बोलणं मराठी, पण मधेच कानडीत शिरून परत येणारं. मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उभी नोकरी एच. डी. कोटेकडच्या कालव्यांवर झाली. निवृत्त झाल्यावर कुर्गच्या एका कॉफीमळेवाल्याची जुनी विलायती मोटार घेऊन त्यांनी ती देवराज मोहल्ल्यातल्या आपल्या दारात उभी केली. काळी, गुबगुबीत आणि अत्यंत मानी.

मामांचं तत्त्व एकच. वस्तूला जे बटण दिलंय ते चाललं पाहिजे. "नोडी, बघा जावईबापू, बटण दिलं म्हणजे त्याला काम दिलं. सुम्ने, उगीच बसवून कसं ठेवायचं?" रेडिओवर जेवढी स्टेशनं लागतात तेवढी लावायचीच, म्हणून ते कुठल्याशा अगम्य भाषेतल्या बातम्या माना डोलावत ऐकायचे. मामी म्हणायच्या, "मुलगी गाते असं माहेरच्यांनी सांगितलं होतं, तर यांनी मला वर्षभर रोज गायला लावलं!" तेव्हा मोटारीतलं हीटरचं बटण दाबल्यावर साधा गार वारासुद्धा येत नाही, हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं.

पण त्या वर्षी निव्वळ तत्त्वाचा प्रश्न राहिला नाही. मामींची थोरली बहीण उटीला राहायची. तिचं हृदय थकलेलं. घाट उतरायला डॉक्टरांची मनाई. इकडे मामींना दमा. गार वाऱ्याचा झोत लागला की श्वास कोंडायचा. बहिणी कित्येक वर्षांत भेटल्या नव्हत्या. ऐन डिसेंबरात उटीहून निरोप आला, "जमलं तर एकदा येऊन जा." मामींनी माळ्यावरून बॅग काढली, पुसली आणि पुन्हा वर ठेवली. मामांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मोटारीच्या पोटात डोकं घातलं.

"इंजिनचं गरम पाणी नळीनं आत येतं, छोट्या जाळीतून फिरतं, मागून पंखा वारा सोडतो. म्हणजे हे कालव्याचंच काम, अल्वा, खरं ना? कुठंतरी गाळ बसलाय." जाळी काढून त्यांनी तिला बागेची नळी उलट्या बाजूनं जोडली. बराच वेळ काही झालं नाही. मग वर्षानुवर्षांचा गंज एकदम सुटला आणि तांबड्या पाण्याची पिचकारी थेट शेजारच्या शिंप्याच्या दारात टांगलेल्या नवरदेवाच्या शेरवानीवर गेली. शिंपी ओरडत बाहेर आला. मामांनी त्याचा हात धरून आनंदानं हलवला. "पाणी पास झालं!" शेरवानी मामींनी धुऊन दिली. पंख्याची मोटर सुरू केली, तेव्हा उंदराचं अख्खं घरटं मामांच्या तोंडावर आलं. तरी वारा गारच. आता नळीत हवा अडकली होती. हवा वर चढते, म्हणून मामांनी मोटार चामुंडीच्या टेकडीच्या चढावर तोंड वर करून उभी केली, रेडिएटरचं झाकण उघडलं आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे बघत बसले. येणाऱ्या भाविकांना वाटलं, गाडीची पूजा चाललीय. एका बाईंनी बॉनेटला कुंकू लावलं. तेवढ्यात बुडबुडे थांबले. श्रेय कुणाचं, यावर मामा आणि देवी दोघंही गप्प राहिले.

चाचणीला अर्थातच मी. भर दुपारी, काचा बंद, अंगात कोट.

"स्वल्प बिसी? लागतंय थोडं गरम?" मामांनी विचारलं.

"स्वल्प? मामा, मी शिजलोय!"

"आय्तु! झालं काम!" म्हणून त्यांनी स्टिअरिंगला नमस्कार केला.

दोन दिवसांनी आम्ही उटीला गेलो. घाटभर मामी पुढच्या सीटवर उबेत बसून होत्या, एकदाही खोकल्या नाहीत. पण बहिणीच्या घरात पाऊल टाकलं आणि त्या दगडी गारठ्यात त्यांचा श्वास लागला. क्षणभर मामांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "घर गार आहे ना? मग गाडीत बसा." मी आणि मामांनी थोरल्या बाईंना घोंगडीत गुंडाळून हळूहळू बाहेर आणलं. दोघी बहिणी मागच्या सीटवर बसल्या. इंजिन चालू, हीटर चालू.

आम्ही दोघं बाहेर. धुकं उतरत होतं. मामांनी हात काखेत दाबले होते, दात वाजत होते.

"मामा, पुढं बसा ना."

"बेड, बेड, नको. आत पुरुष बसला की बायका बोलणं आवरतात."

काचा वाफेनं भरून गेल्या होत्या. आतलं काही दिसत नव्हतं; फक्त मधूनमधून हसू ऐकू यायचं. मग एक थकलेला आवाज गाऊ लागला आणि दुसरा त्यात मिसळला. मामा इंजिनाकडे कान देऊन उभे होते, की त्या गाण्याकडे, ते मला कळलं नाही. थोरल्या बाई पुढचा उन्हाळा पाहायला राहिल्या नाहीत. पण त्या दिवशी अंधार पडायला आला, घाट उतरायला उशीर होत होता, तरी मामांनी काही काच वाजवली नाही.