मॅडमनी सही केली नाही

मंडळी, मी वाशिमच्या एका दवाखान्यात विमा क्लेमचे कागद तयार करतो. आज इंझोरीच्या एका आजींना सुट्टी होणार होती. ‘रुग्णाला मी स्वतः तपासले’ या ओळीखाली डॉक्टर मॅडमची सही तेवढी बाकी होती.

"मी आज त्यांना पाहिलंच नाही, सही कशी करू?" म्हणत मॅडम वॉर्डात गेल्या.

आजींचा मुलगा वैतागला. "एका सहीपायी आमाले कायले थांबवून राह्यले?"

मॅडमनी आजींचा प्लास्टरमधला हात तपासला, कागद वाचला आणि माझ्याकडे परत दिला. आजींचा डावा हात मोडला होता. मी उजवा टाइप केला होता.

दुरुस्ती झाली, सही झाली, आजी घरी गेल्या. याआधी किती कागद असेच गेले असतील, तेच आठवत बसलोय. तुम्ही सहीआधी वाचता का? खरं सांगा.