पंधरा दिवसांची चिठ्ठी

सासूबाई गावी, बेल्याला राहतात, आम्ही दोघं नोकरीमुळे आदिलाबादला. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून इथल्या एका डॉक्टरांनी त्यांना गोळी लिहून दिली होती. दर महिन्याला ऑफिसातून येताना मी मेडिकलमधून ती घ्यायचे आणि रविवारी गावी नेऊन द्यायचे. दुकानदार काही विचारायचा नाही. गोळीने त्यांना खरंच बरं वाटायचं.

दीड वर्षाने त्यांच्या पावलांवर सूज आली. वय झालं, असं आम्ही म्हणालो. मग एका सकाळी कापूस वेचणाऱ्या बायांना पाणी द्यायला त्या बांधापर्यंत गेल्या आणि तिथेच बसल्या. श्वास पुरेना. आम्ही त्यांना तशाच नागपूरला नेलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी इको केला. हृदयाची ताकद बरीच कमी झाली होती. चालू असलेली सगळी औषधं त्यांनी मागितली. मी पिशवी टेबलावर रिकामी केली.

"ही गोळी किती दिवसांपासून?"

"दीड वर्ष."

त्यांनी गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवली. "ही फार दिवस घेतली की अंगात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो. आजपासून बंद. सुधारेल असं वाटतं, पण तीन महिने थांबावं लागेल."

घरी आल्यावर नवरा भडकला. "एवढा धोका होता तर त्या डॉक्टरनं सांगायला नको?" त्याचे चुलतभाऊ, म्हणजे माझे चुलत दीर, वकील आहेत. धोका न सांगता औषध दिलं, म्हणून भरपाई मागायची, असं ठरलं. आठवड्याभरात त्यांनी डॉक्टरांना नोटीस पाठवलीसुद्धा. पुढे ग्राहक आयोगात जायचं, तर मूळ चिठ्ठी हवी होती.

ती मला कपाटातल्या फाइलीत सापडली. गोळीचं नाव मला पाठ होतं. त्याच्या खालची ओळ मी कधी वाचलीच नव्हती. पंधरा दिवस फक्त, नंतर बीपी तपासून परत दाखवणे.

मी पलंगावर बसूनच राहिले. चिठ्ठी फाडावी, असंही क्षणभर मनात आलं. संध्याकाळी वकील दीर आले तेव्हा मी ती नवऱ्यासमोर ठेवली. "गोळ्या मीच आणत होते," मी म्हणाले.

दिरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "वहिनी, हरवली म्हणू. चिठ्ठ्या हरवतातच."

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज आला, "हरवली नाही तं हरवली काऊन म्हणाचं?"

त्या भिंतीला धरत बाहेर आल्या. मी म्हणाले, "आई, चूक माझी आहे."

"अन् आणून दे म्हणून मांगत कोण होतं? मीच ना? डॉक्टरकडं परत चला म्हणून तू दोन डाव म्हटलं, मीच नाही गेली."

ते मी विसरले होते. रडू आलं.

नोटीस मागे घेतल्याचं सांगायला नवरा आणि मी स्वतःच दवाखान्यात गेलो. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा काढला. "लिहिलं खरं. पण तोंडानं सांगायला पाहिजे होतं. आणि मेडिकलवाल्यानंही चिठ्ठी न बघता द्यायला नको होती." आमच्यासमोरच त्यांनी त्या दुकानदाराला फोन लावला. नवऱ्याने हात जोडले. बाहेर येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी नीट बोलला.

तीन महिन्यांनी पुन्हा नागपूर. इको चालू असताना नवरा दाराबाहेर उभा होता, मी आत सासूबाईंचा हात धरून. डॉक्टरीणबाई पडद्याकडे पाहता पाहता हसल्या. "छान. जवळजवळ पहिल्यासारखं झालंय."

मी दार उघडून सांगितलं, तर नवरा खिडकीकडे तोंड करून कितीतरी वेळ नाक पुसत राहिला. सासूबाई पदर सावरत उठून बसल्या आणि डॉक्टरीणबाईंना विचारू लागल्या, "मंग आता भाकरीसंगं ठेचा चालंल का, बाई?"

"मीठ कमी घालून. थोडासा."

"थोडासाच," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या.