पाठीतली पिन

शेवगावच्या आठवडे बाजारात मी बायकांचे आतले कपडे विकतो. बाडी, निकर, परकर, पोरींचे शमीज. यात लाजण्यासारखं काही नाही. चौथीत शाळा सुटली, पण या धंद्यावर दोन पोरी चांगल्या घरी दिल्या आणि पोरगा मास्तर झाला. टोपीवाला माणूस हे विकतो म्हणून पहिल्यांदा लोक हसायचे. त्यांच्याच घरच्या बाया नंतर माझ्या कापडी पालात यायच्या.

यायच्या कशा, तेही सांगतो. आधी रिबनी चाळायच्या, टिकल्यांचं पाकीट उलटंपालटं करायच्या. मग माझ्या बायकोच्या कानाला लागायच्या. ती कायम माझ्या शेजारी पोत्यावर बसलेली. मी तोवर रस्त्याकडं बघायचो. बाई वळताना एकदाच खांदा आणि पाठ बघून घ्यायचो आणि बायकोला हळूच आकडा सांगायचो. बत्तीस. छत्तीस. बायको पेपरात गुंडाळून द्यायची. टेप मी कधी लावली नाही. टेप शिंप्यानं लावावी, त्याला कापड कापायचं असतं. मला नुसतं ओळखायचं होतं.

आणि ओळखता यायचं. ऊसतोडीच्या बाईचे खांदे मोळ्या वाहून रुंद झालेले, तिला बारीक पट्टा दिला तर दोरीगत रुततो. तिला रुंद पट्टा आणि मागं तीन हूक. उतरत्या खांद्याच्या बाईचा पट्टा सारखा दंडावर येतो, मग ती चारचौघांत पदराखाली हात घालून ओढत बसते. तिला मागून पट्टे जवळजवळ असलेली द्यायची. दोन लेकरांनंतर पोट सुटलं की कमरेखालची निकर गुंडाळत खाली येते, त्यापेक्षा बेंबीच्या वरपर्यंतची बरी. साडीच्या निऱ्याही तिच्यावर चापून बसतात. सडपातळ पोरीला चमकती जाळी पाहिजे असते. मी देतो, पण आतून सुती अस्तर असेल तीच. उन्हाळ्यात अंगाला चमक कळत नाही, घाम कळतो.

पोराचं लग्न झालं आणि कर्जतची सून घरात आली. शिवणक्लास केलेली, तोंडानं तिखट. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं, "मामा, तुमी नंबर कशावरून देता?"

"नजरंवरून."

"आन् चुकला तर?"

"आजवर कुनी म्हागारी आनलं न्हाई."

"कोन आनंल, मामा? चोरून नेलेलं चारचौघांत परत द्यायला?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण भाकरी एकच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सुनेला हाक मारली. म्हटलं, आण तुझी टेप. मी नंबर सांगतो, तू मोज. चुकलो तर पुढच्या बाजारी टेप गळ्यात घालून बसंन. बरोबर निघालो, तर तू या विषयात परत तोंड उघडायचं न्हाई.

"चालंल. पहिल्या आत्याच मग," ती म्हणाली.

मला हसू आलं. इतक्या वर्षांची बायको. "अडतीस," मी म्हटलं, "डोळं झाकून."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. दोघी आत गेल्या, दार लोटलं. आतून आधी कुजबुज आली, मग सुनेचं हसणं, मग बायकोचंही. असं पोरीगत हसताना मी तिला लई दिवसांत ऐकलं नव्हतं. मी टोपी नीट करून बसलो.

सून बाहेर आली. "छातीखालून चौतीस, मामा. कप सी." मग तिनं मूठ उघडली. तळहातावर मोठी सेफ्टीपिन. "आन् ही आत्यांच्या पाठीत हुती."

पिन मी ओळखली. संध्याकाळी ती बायकोच्या बांगडीत अडकवलेली असायची. मला वाटायचं, काटा काढायला ठेवलीय. माझ्याच टाचेतला काटा तिनं एकदा त्या पिनेनं काढला होता. दिवसा ती पिन कुठं असते, हे मी कधी विचारलं नव्हतं. अडतीसची पट्टी सैल पडते म्हणून अंगात घालायच्या आधीच मागं चिमटी घेऊन ती टोचलेली असायची. पट्टी सैल, म्हणजे सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर. तिच्या खांद्यांना दोन खाचा पडल्या होत्या, त्यांना ती रोज खोबरेल लावायची. मी समजायचो, पाण्याच्या हंड्यांनी खांदे दुखतात.

"अडतीसच का घालायची तू?" मी विचारलं.

"तुमीच द्याचा की. इकलं न्हाई ते माझं. अडतीस कायम उरायचं."

"मग बोलायचं न्हाई व्हय?"

"काय बोलू? अख्खा बाजार तुमच्या नजरंचं नाव घ्यायचा. म्या शेजारी बसून म्हनू, माझाच नंबर चुकलाय म्हून?"

सी कपाचं तर सांगायलाच नको. कांद्याची जशी प्रत असते, तशीच ही अक्षरं असतील असं मी धरून चाललो होतो. ए म्हणजे पहिली, सी म्हणजे तिसरी. नगरच्या ठोक दुकानदाराला मी दर वेळी ठणकावायचो, सी माल मला दाखवू नको. अक्षर म्हणजे वाटीचं माप, हे सुनेनं समजावलं तेव्हा मी म्हटलं, ते मला ठाऊक हुतं. ती गप्प बसली. तेवढं शहाणपण तिच्यात आहे.

त्याच दुपारी एसटीनं नगर गाठलं. कापडबाजारात दुकानदार म्हणाला, "काय आबा, आज सी?"

"घरच्यासाठी. सुती दे. रुंद पट्टा, हूक पुढून. आता तिचा हात मागं पुरत न्हाई."

दोन घेतल्या. एक पांढरी, एक डाळिंबी.

"ह्या वयात डाळिंबी?" बायको म्हणाली.

"आत कोन बघतंय."

"तुमी," ती म्हणाली, आणि सून पदर तोंडाला लावून चुलीकडं पळाली.

सकाळी बायको डाळिंबी घालून म्हशीची धार काढायला गेली. परत आली ती ताठ चालत. बादली ठेवली, दोन्ही खांदे फिरवून बघितले आणि म्हणाली, "घातलंय का न्हाई, त्येच कळंना."

पुढच्या बाजारी मी टेप गळ्यात घातली. शब्द दिला तो दिला. शेजारचा बांगडीवाला म्हणाला, "काय आबा, शिंपी झाला का?" मी म्हटलं, "व्हय. तुला झबलं शिवू का?"

पालाच्या मागच्या कोपऱ्यात आता जुन्या चादरीचा पडदा आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून तो त्याच पिनेनं टोचलाय. बाया आत जातात, बायको टेप लावते, आतून तिघी-चौघींचं खिदळणं ऐकू येतं. मी बाहेर बसून मनात आकडा धरतो आणि ती बाडी आधीच काढून ठेवतो. आतून बायको नंबर सांगते. बऱ्याच वेळा हातातलीच देतो. कधी बदलावी लागते. ती बदलताना मी रस्त्याकडं बघतो.